पाय कॅमेऱ्याला द्या, हात पंचाकडे राहू द्या

आधी माझं म्हणणं सांगतो, मग शिव्या घालायच्या तर घाला. अमेरिकन फुटबॉलमध्ये साइडलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपाशी, घेतलेल्या कॅचमध्ये दोन प्रश्न असतात आणि ते दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत. पाय आत पडले का, हा एक. बॉल हातात खरंच बसला होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जमिनीवर पडलेलं असतं, कॅमेरा लावा आणि बघा. दुसऱ्याचं उत्तर कुठेच पडलेलं नसतं, ते कुणीतरी द्यावं लागतं. एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, हे दोन्ही प्रश्न उचलून स्लो मोशनच्या हवाली केले आणि मग वर्षानुवर्षं डोकं धरून बसले की कॅच म्हणजे काय हे लोकांना कळत कसं नाही. मी म्हणतो पायाचा निकाल बिनधास्त कॅमेऱ्याला देऊन टाका, मिलिमीटर मोजा, माझी काही हरकत नाही. हाताचा निकाल मात्र मैदानावर उभ्या असलेल्या पंचाचा, आणि तो तपासायचाच असेल तर खेळ ज्या स्पीडने झाला त्याच स्पीडने बघून तपासा.

ज्यांना हा खेळ म्हणजे हेल्मेट घालून ढकलाढकली वाटते त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानाची रुंदी ५३ यार्ड आणि वर एक फूट, आणि दोन्ही बाजूंना किमान सहा फूट रुंद पांढरा पट्टा. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये रेषा आतली धरतात, इथे उलटं, पांढऱ्याला बुटाचं टोक जरी लागलं तरी बाहेर. कॉलेजच्या खेळात एक पाय आत पडला तरी चालतो, कॅनडातही एकच, एनएफएलमध्ये मात्र दोन्ही पाय लागतात, किंवा गुडघा, कोपर असा शरीराचा दुसरा एखादा भाग. म्हणून रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारे लोक काय करतात, तर अंग सगळं बाहेर झोकून दिलेलं, हात बॉलकडे ताणलेले आणि पायाची बोटं मात्र गवतावर घासत आत ठेवलेली. त्यातही गंमत अशी की नुसती बोटं आत घासली आणि टाच खाली आलीच नाही तर कॅच, पण त्याच पावलाची टाच ओघात खाली येऊन पांढऱ्यावर पडली तर नाही. हे सगळं पळता पळता, एक डिफेंडर अंगावर येत असताना. पंचाची पंचाईत बघा, त्याला एकाच वेळी बूट आणि हात दोन्ही बघायचे आहेत आणि त्या दोघांमध्ये सहा-सात फुटांचं अंतर असू शकतं. डोळे दोन असले तरी नजर एकच असते.

या भांडणाचा आद्य ग्रंथ म्हणावा अशी मॅच ६ जानेवारी १९८० ची, पिट्सबर्गला, थ्री रिव्हर्स स्टेडियमवर. एएफसी चॅम्पियनशिप, म्हणजे जिंकणारा थेट सुपर बोलला, लीगच्या फायनलला. ह्यूस्टन ऑयलर्स १७-१० ने मागे, तिसरा क्वार्टर संपत आलेला, पिट्सबर्गच्या सहा यार्डांवरून डॅन पास्टोरिनीने एन्ड झोनच्या, म्हणजे जिथे बॉल पकडला की टचडाऊनचे सहा गुण मिळतात त्या पट्ट्याच्या, कोपऱ्यात बॉल टाकला आणि माइक रेनफ्रोने तो घेतला. घेतला की नाही घेतला, हेच तर भांडण. तिथला पंच क्षणभर नुसता उभा राहिला, हात वरही नाही आणि आडवेही नाहीत, मग बाकीचे पंच जमले, कुजबुज झाली, आणि निकाल आला इनकम्प्लीट, म्हणजे कॅच नाही. टीव्हीवर रिप्ले परत परत दाखवला गेला आणि घरी बसलेल्या लाखो लोकांना तो टचडाऊन वाटला. ऑयलर्सना तीन गुणांच्या फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं आणि शेवटी पिट्सबर्ग २७-१३ ने जिंकलं. मॅच हरून टीम घरी परतली तर हजारो लोक अ‍ॅस्ट्रोडोममध्ये स्वागताला बसलेले. ती टीमच पुढे १९९७ साली गाव सोडून टेनेसीला गेली. मी ह्यूस्टनला राहतो, आणि इथे सत्तरच्या दशकात नोकरीला आलेले आपले मराठी काका लोक आहेत ना, ज्यांना आजही टचबॅक म्हणजे काय ते धड सांगता येत नाही, ते रेनफ्रोचं नाव काढलं की जेवणाचं ताट बाजूला ठेवतात.

आता सगळे म्हणतात की ही मॅच रिप्ले आणायला कारण झाली, आणि ते बरंचसं खरं आहे, त्यानंतर चर्चेला जोर आला, १९८६ मध्ये लीगने रिप्ले आणला, लोक कंटाळले, १९९२ ला मालकांनी तो काढून टाकला आणि १९९९ ला परत आणला, यावेळी कोचच्या हातात लाल फ्लॅग देऊन, निकाल पटला नाही तर तो टाकायचा आणि रिप्लेवर तपासायला लावायचं. पण तो परत का आला ते बघा. ६ डिसेंबर १९९८, जेट्स विरुद्ध सीहॉक्स, जेट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, विनी टेस्टावर्डी रेषेकडे झेपावला, हेल्मेट रेषेच्या पलीकडे गेलं पण बॉल अलीकडेच राहिला, आणि पंचाने टचडाऊन दिला. जेट्स ३२-३१ ने जिंकले. म्हणजे बॉल रेषेपलीकडे गेला का, हा सरळ मोजमापाचा प्रश्न होता आणि त्यात पंच चुकला होता. कॅमेऱ्याने तो चुटकीसरशी सोडवला असता. रिप्लेला दुसऱ्यांदा बोलावलं ते असल्या कामासाठी. रेनफ्रोचं प्रकरण तसं नव्हतं. तिथे पाय आत दिसत होते, पंचांचं म्हणणं होतं की बाहेर जाण्याआधी बॉल नीट ताब्यात नव्हता. पायाचा प्रश्न आणि हाताचा प्रश्न, आणि दोघांना एकच औषध.

औषधाचा परिणाम लगेच दिसला. रिप्ले परत आला त्याच सीझनमध्ये, २३ जानेवारी २००० ला, टॅम्पा बे विरुद्ध सेंट लुईस, परत चॅम्पियनशिप, शेवटचं मिनिट. बर्ट इमॅन्युएलने झेपावत बॉल घेतला, मैदानावर कॅच दिला, आणि वर रिप्लेच्या बूथमधून सांगितलं गेलं की जरा बघा. बघितलं तर बॉलचं टोक जमिनीला लागलेलं. दोन्ही हातांत घट्ट असलेल्या बॉलचं टोक! कॅच रद्द, टॅम्पा ११-६ ने हरलं. उन्हाळ्यात नियम बदलला, की ताबा असेल तर बॉल जमिनीला लागला तरी हरकत नाही. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी कॅमेऱ्याने असं काहीतरी दाखवलं जे मैदानावर कुणाच्याही हिशेबात नव्हतं, मग त्यावर निकाल दिला, मग निकाल मूर्खपणाचा वाटला म्हणून नियम बदलला. पुढची अठरा वर्षं हेच चक्र चाललं. १२ सप्टेंबर २०१० ला शिकागोमध्ये कॅल्विन जॉन्सनने एन्ड झोनमध्ये बॉल घेतला, एका हातात धरून खाली पडला, उठताना बॉल जमिनीवर सुटला, इनकम्प्लीट. का, तर पडताना शेवटपर्यंत ताबा पाहिजे. शाळेतल्या पोराला विचारलं असतं तरी तो म्हणाला असता घेतला की त्याने.

आणि मग डेझ ब्रायंट. ११ जानेवारी २०१५, ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड, डॅलस २६-२१ ने मागे, चार-पावणेपाच मिनिटं शिल्लक, चौथा डाऊन, म्हणजे चारपैकी शेवटचा प्रयत्न. डॅलसच्या क्वार्टरबॅक रोमोने डाव्या साइडलाइनला लांब टाकला, ब्रायंटने ग्रीन बेच्या सॅम शील्ड्सच्या डोक्यावरून उडी मारून घेतला, पावलं टाकली, गोल लाइनकडे हात लांबवला, पडला, बॉल जमिनीवर आपटून उडाला आणि परत त्याच्याच हातात आला. मैदानावर निकाल कॅच, एक यार्डावर. ग्रीन बेच्या कोचने फ्लॅग टाकला, रिव्ह्यूत निकाल फिरला. मी डॅलसचा माणूस नाही, उलट टेक्सासात राहून डॅलसचा राग येणाऱ्यांपैकी आहे, आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात डेट्रॉइटविरुद्ध पंचांनी टाकलेला दंडाचा पिवळा फ्लॅग परत उचलून डॅलसला दिलेला फायदा मी विसरलेलो नाही, पण तो कॅच होता. स्टेडियममध्ये ग्रीन बेचे लोकसुद्धा तोंडात मारल्यासारखे गप्प झाले होते, कारण त्यांनाही तो कॅचच दिसला. २०१८ मध्ये लीगच्या कॉम्पिटिशन कमिटीने स्वतः मान्य केलं की तो कॅच असायला हवा होता, आणि पडताना शेवटपर्यंत ताबा ही अटच काढून टाकली. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी, डिसेंबर २०१७ ला, त्याच अटीखाली पिट्सबर्गच्या जेसी जेम्सचा न्यू इंग्लंडविरुद्धचा टचडाऊन गेला होता. नवा नियम सोपा आहे, ताबा, दोन पाय, आणि त्यानंतर तिसरं पाऊल किंवा पुढे हात लांबवणं असली एखादी हालचाल, किंवा ती करण्याइतका वेळ. चांगला नियम आहे. पण त्यातला पहिला शब्द अजून ताबाच आहे.

ताबा म्हणजे काय याचा विचार केलाय कधी? हवेतून येणारा चामड्याचा लंबगोल बॉल कुणाच्याही हातात आला की सरकतो. अगदी सगळ्यात घट्ट कॅचमध्येही सरकतो, बोटं बसतात, बॉल अर्धा इंच फिरतो, छातीला लागतो, परत बसतो. डोळ्याला हे दिसत नाही म्हणून आपण त्याला घट्ट कॅच म्हणतो. आता तेच सेकंदाचे साठ तुकडे करून, किंवा त्याहून वेगवान कॅमेऱ्याचे आणखी बारीक तुकडे करून एकेक चित्र पुढे-मागे ढकलत बघा, बॉल नाचताना दिसेल. नियमपुस्तकालाही हे माहीत आहे, तिथे स्पष्ट म्हटलंय की ताबा असेल तर बॉल थोडा हलल्याने ताबा गेला असं होत नाही. थोडा म्हणजे किती? इथेच स्लो मोशन गंडवतं, कारण ते थोड्याला लांब करतं. सेकंदाच्या दहाव्या भागात जी हालचाल झाली ती पडद्यावर चार सेकंद चालते आणि चार सेकंद हलणारा बॉल बघून कुणीही म्हणेल की अहो हा तर सुटलाय. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी २०१६ साली याच्या जवळपासचं दाखवून दिलंय, गोळीबाराचा व्हिडिओ स्लो मोशनमध्ये पाहिलेल्या लोकांना तो जास्त जाणूनबुजून केलेला वाटला, आणि फुटबॉलमधल्या हेल्मेटच्या धडकेबद्दलही तसंच झालं. स्लो केल्यावर माणसाला विचार करायला वेळ होता असं आपल्याला वाटायला लागतं. त्यांनी हेतू तपासला होता, ताबा नाही, हे मान्य. पण ताबासुद्धा हेतूसारखाच वेळेशी बांधलेला आहे. किती वेळ धरला, यावरच तो ठरतो, आणि तुम्ही नेमकी वेळेतच गडबड केलीय.

पायाचं तसं नसतं. टेकलेला बूट क्षणभर तरी जागेवर असतो, हिरवं आणि पांढरं यांच्यामध्ये फट दिसते किंवा दिसत नाही. स्लो करा, झूम करा, फटीचं रबर होत नाही. ५ सप्टेंबर २०२४, सीझनची पहिलीच मॅच, कॅन्सस सिटी २७-२० ने पुढे, शेवटचा चेंडू म्हणावा असा शेवटचा प्ले, लमार जॅक्सनने बाल्टिमोरच्या आयझेया लाइकलीला एन्ड झोनच्या मागच्या रेषेपाशी बॉल दिला, पंचाने टचडाऊन दिला, आणि रिव्ह्यूत दिसलं की बुटाचं टोक पांढऱ्यावर. खेळ खल्लास. ती साइडलाइन नव्हे, मागची लाइन, पण हिशोब तोच. बाल्टिमोरवाले हळहळले, पण फोटो पाहिल्यावर तो निकाल चूक होता असं म्हणणारं मला कुणी भेटलं नाही, आणि डेझ ब्रायंटवर मात्र दहा वर्षांनीसुद्धा लोक टेबल आपटतात. पायाच्या निकालाने माणूस दुःखी होतो, हाताच्या निकालाने खवळतो.

तसं कॅमेरा कॅच वाचवतोही. सुपर बोलमधले साइडलाइनचे दोन सगळ्यात सुंदर कॅच घ्या. १ फेब्रुवारी २००९ ला टॅम्पामध्ये सँटोनियो होम्स, ३५ सेकंद उरलेले, तीन डिफेंडरांच्या वरून आलेला बॉल, अंग रेषेच्या बाहेर कललेलं आणि दोन्ही बुटांची टोकं आत. पिट्सबर्ग २७-२३. आणि ५ फेब्रुवारी २०१२ ला इंडियानापोलिसमध्ये मारिओ मॅनिंगहॅम, न्यूयॉर्क जायंट्स १७-१५ ने मागे, स्वतःच्या १२ यार्डांवरून ईलाय मॅनिंगने ३८ यार्डांचा टाकला, थेट न्यू इंग्लंडच्या बेंचच्या बाजूला. न्यू इंग्लंडचा कोच बिल बेलिचिकने चॅलेंज केलं. या माणसाइतका नियमांचा अभ्यास असलेला दुसरा कोच शोधून सापडणार नाही, प्ले त्याच्याच बाजूला झाला, आणि तरी त्याने फ्लॅग टाकला आणि टाइमआउट घालवला. पाय आत होते. जायंट्स २१-१७. दोन्ही वेळेला पंचाने पळत्या खेळात बरोबर पाहिलं होतं आणि कॅमेऱ्याने फक्त मान डोलावली. म्हणून मला पंच आंधळे असतात हे चहाच्या टेबलावरचं वाक्य पटत नाही. साइडलाइनचे पंच आयुष्यभर तेच काम करतात, आधी पाय मग हात अशी नजर फिरवायची सवय लावून घेतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात, फक्त त्या बहुतेक वेळांवर कुणी लेख लिहीत नाही.

लीगलाही हा फरक कळत नाही असं नाही. २००८ पर्यंत एक नियम होता, रिसीव्हर हवेत असताना त्याला ढकललं नसतं तर तो आत पडला असता असं पंचाला वाटलं तर कॅच द्यायचा. २ डिसेंबर २००७ ला अ‍ॅरिझोनात क्लीव्हलंडच्या केलेन विन्स्लोने शेवटच्या प्लेला बॉल घेतला, बाहेर पडला, पंच म्हणाले ढकलल्यामुळे नाही, आणि क्लीव्हलंड २७-२१ ने हरलं. पुढच्याच वर्षी तो नियम गेला. काहींना वाटतं माझ्या म्हणण्याप्रमाणे तो नियम राहायला हवा होता कारण त्यात पंचाची समज होती. नाही, तो गेला ते बरं झालं. ढकललं नसतं तर काय झालं असतं हे न घडलेल्या गोष्टीबद्दलचं भविष्य आहे, ते पंचालाही दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही. ताबा घडतो, डोळ्यासमोर घडतो.

उलट्या बाजूचा धडाही लीगने घेतलाय. २० जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये रॅम्सच्या रोबी-कोलमनने बॉल यायच्या आधीच रिसीव्हरला उडवलं आणि फ्लॅग पडला नाही. स्टेडियमसकट सगळ्या देशाला दिसलं. मग लीगने काय केलं, तर असल्या पास इंटरफेरन्सच्या निर्णयालाही रिव्ह्यू लावला. एक सीझन चालला तो प्रकार. एकदा निकाल फिरवायचा, तसाच दुसरा नाही फिरवायचा, कोच हतबल, प्रेक्षक हैराण, आणि वर्षभरात गुपचूप काढून टाकला. कारण धक्का किती म्हणजे जास्त हे पडद्यावर ठरत नाही. ही गोष्ट पास इंटरफेरन्सच्या बाबतीत त्यांना एका वर्षात कळली आणि ताब्याच्या बाबतीत अजून कळत नाहीये, मला याचं खरंच नवल वाटतं.

आपल्याकडच्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. २९ जून २०२४, बार्बाडोस, शेवटची ओव्हर, १६ पाहिजेत, हार्दिकचा पहिलाच बॉल, मिलरचा फटका, आणि आपल्या सूर्यकुमारने सीमारेषेवर बॉल आत फेकला, स्वतः बाहेर गेला, परत येऊन घेतला. त्या कॅचवर जगभर वाद झाला, पण काय वाद झाला ते आठवा. हातात नीट बसला का, असं कुणी विचारलं नाही. बूट कुशनला लागला का, आणि कुशन मूळ जागेवरून सरकलं होतं का, एवढंच. म्हणजे पायाचा आणि रेषेचा प्रश्न, आणि त्याला कॅमेराच पाहिजे, अंपायरने तिथे अंदाज द्यायचं काही कारण नाही. पण क्रिकेटने त्याआधी वर्षभर, जून २०२३ मध्ये, सॉफ्ट सिग्नल, म्हणजे टीव्ही अंपायरकडे जाण्याआधी मैदानावरच्या अंपायरने द्यायचा अंदाज, काढून टाकला होता, आणि जमिनीलगतच्या कॅचबद्दल मला तो निर्णय पटलेला नाही, कारण स्लिपमध्ये बोटं खाली होती का गवत वर होतं हे झूम केल्यावर दरवेळी गवतच वर दिसतं. स्लिपमधला फील्डर शपथेवर सांगतो घेतला, आणि चित्रात बॉल गवतात लोळतोय.

आता आक्षेप. पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो फालतू नाही. मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना स्पोर्ट्स बेटिंगची वाट मोकळी केल्यापासून एकेका कॅचवर लोकांचे खरे डॉलर लागलेले असतात, आणि चांगला कॅमेरा हाताशी असताना एका माणसाच्या नजरेवर कसं सोडायचं असं विचारतात. ठीक आहे, पण कॅमेरा अचूक उत्तर देतो हे गृहीत कुठून आलं? न्यूयॉर्कला लीगच्या ऑफिसात बसून जो निकाल देतो तोही माणूसच आहे, २०१७ पासून शेवटचा शब्द तिकडचा, फक्त तो शंभर मैलांवरून, सपाट पडद्यावर, चुकीच्या स्पीडने बघतोय. मैदानावरच्या माणसाला खोली दिसते, आवाज येतो, बॉल हातात बसल्याचा चामड्याचा थप्प असा आवाज येतो. तो आवाज स्लो मोशनमध्ये नसतोच.

दुसरा आक्षेप, पंच पक्षपाती असू शकतो. असू शकतो. पण आपण प्रेक्षक कोण आहोत ते आधी बघू. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमाउथ या दोन युनिव्हर्सिट्यांची फुटबॉल मॅच झाली, मारामारीच जवळजवळ, प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक फुटलं. नंतर मानसशास्त्राच्या दोन प्राध्यापकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या मॅचची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमाउथच्या टीमने केलेले नियमभंग डार्टमाउथच्या पोरांच्या दुपटीहून जास्त दिसले. फिल्म तीच हं. म्हणून रिप्ले दाखवला की सगळ्यांचं एकमत होईल हे स्वप्नच आहे, आमच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच क्लिप दोघं जण आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून टाकतात.

तिसरा आक्षेप मला खरा त्रास देतो. माझ्या पद्धतीने रेनफ्रोचं काय झालं असतं? पंचाने नाही म्हटलं, हाताचा प्रश्न, पंचाचं ऐकायचं, म्हणजे काकांचं ताट आजही बाजूलाच. इथे मला वाटतं नॉर्मल स्पीडचा एक रिव्ह्यू ठेवलाच पाहिजे. एकदा किंवा दोनदा, खऱ्या वेगात, दोन-तीन कोनांतून, साठ सेकंदांत, पॉज नाही, फ्रेम मागे-पुढे नाही. त्या वेगातही पंचाचा निकाल ढळढळीत चुकीचा दिसला तर फिरवा. रेनफ्रोचा फिरला असता असं मला वाटतं, आणि मुळात तिथल्या पंचाने स्वतः ठामपणे काही ठरवलंच नव्हतं, त्यामुळे राखायला तसा निकालही नव्हता. जिथे जवळच्या पंचाला खात्री नाही आणि चार जण जमून ठरवतात, तिथे मूळ निकालाला कमी वजन द्यायला माझी ना नाही.

रेषेच्या कामासाठी तर लीगने यंत्रं आणायला सुरुवात केलीच आहे. बॉलमध्ये चिप आहे, २०२५ पासून डाऊनचं अंतर मोजायला साखळीऐवजी हॉक-आयचे कॅमेरे आलेत, तिकडे विम्बल्डननेही त्याच वर्षी लाइन जजेस घरी पाठवले. पुढे बुटाच्या टोकावरही तेच लावा, दोन सेकंदात हिरवं की पांढरं कळू दे, जाहिरातींसाठी तीन मिनिटं थांबायची गरज नाही. २०२१ पासून बूथमधून पंचाला कानात पटकन सांगायची सोय आहे, पण त्यातही त्यांनी रेषेवरची जागा आणि ताबा दोन्ही एकाच यादीत घातलेत. ती यादी मधोमध कापायची, एवढंच तर काम आहे.

होणार नाही, ते माहीत आहे. नियम बदलायला बत्तीसपैकी चोवीस मालकांची मतं लागतात, आणि दर मार्चला जी टीम नुकतीच एखाद्या निकालाने पोळलेली असते तीच रिप्लेचा विस्तार मागायला उभी राहते. स्वतःच्या हातातला लाल फ्लॅग कुणी कमी करून घेणार नाही. डॅलसचा जेरी जोन्स कदाचित हो म्हणेल, कारण माझ्या पद्धतीने ब्रायंटचा कॅच जिवंत राहतो, बॉल एक यार्डावर, पहिला डाऊन. ग्रीन बेला मालकच नाही, तिथे लाखो भागधारक आहेत. त्यांच्याकडून तर ते मत कधीच मिळायचं नाही.